रीतसर ॲनिमे: भारतात सबटायटलसकट बघण्याची आमची खटपट

२०२३च्या जूनमध्ये, शाळा सुरू होता होता, धाकट्या भावानं एक काम माझ्या गळ्यात घातलं. त्याच्या मुलीला, माझ्या भाचीला, ॲनिमेचं, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांचं वेड लागलंय. त्या तिला भारतात बसून, सबटायटलसकट आणि कायदेशीर मार्गानं बघता याव्यात, अशी सोय लावून द्यायची. २०२४च्या मेपर्यंत ते काम पुरलं. वाटेत बँक, कस्टम्स, तक्रार अधिकारी आणि एक मल्टिप्लेक्स अशी बरीच मंडळी भेटली. शोधाशोध करताना मराठीत मला काहीच सापडलं नाही, आणि इंग्रजीत जे सापडलं ते बहुतेक अमेरिकेत राहणाऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेलं. म्हणून हे लिहून ठेवतेय.

ही भाची, रेवा, तेव्हा नववीत गेली होती. लहानपणापासून तिच्या दोन्ही कानांना ऐकण्याचं मशीन आहे. समोरासमोर बोलताना ती ओठ वाचते, मशीनमधून येणारा आवाज त्याला जोडते आणि छान गप्पा मारते. हिंदी सिनेमासुद्धा असाच निम्मा-पाऊण कळतो. ॲनिमेत मात्र ओठ वाचायची सोयच नसते. चित्रातल्या माणसाचं तोंड नुसतं उघडतं आणि मिटतं, मग बोलणं जपानी असो की हिंदी डबिंग. त्यामुळे ‘सबटायटल हवं की डबिंग’ हा वाद, ज्यावर या छंदातले लोक तासन्‌तास भांडतात, आमच्या घरी कधी झालाच नाही. खाली अक्षरं आली तर मालिका आहे, नाहीतर नाही.

शाळेतल्या मैत्रिणींनी तिला एक साइट दिली होती. तिथे सगळं होतं: प्रत्येक मालिका, प्रत्येक भाग, नीट वेळ साधून येणारी सबटायटल. सोबत सट्ट्याच्या जाहिराती, नको त्या चित्रांच्या खिडक्या आणि ‘तुमच्या मोबाइलमध्ये व्हायरस आहे’ असं ओरडणाऱ्या सूचना. भावानं बंदी घातली तर ती मैत्रिणीच्या मोबाइलवर बघणार, हे त्यालाही कळत होतं. “ताई, तुला यातलं कळतं, तूच काहीतरी रस्ता काढ,” म्हणाला. रेवाला मी इतकंच सांगितलं की तुझ्या आवडीच्या मालिकांची यादी कर, आपण एकेक शोधू. तिनं सुबक अक्षरात दोन पानी यादी आणून दिली आणि खाली लिहिलं, ‘आत्या, क्रम महत्त्वाचा आहे.’

थोडं मागचं सांगते. भारतात ॲनिमे काही कालपरवा आलेलं नाही. १९९३मध्ये रविवारी दूरदर्शनवर जो मोगली लागायचा, ती जपानी मालिकाच होती, हिंदीत डब केलेली. २००४मध्ये ॲनिमॅक्स वाहिनी आली, २०१७मध्ये ती आपल्याकडच्या टीव्हीवरून गेली. मुलांच्या वाहिन्यांवर जपानी मालिका आजही दिवसभर चालू असतात. पण हे सगळं डबिंगच्या वाटेनं आलं. ‘भारतीय प्रेक्षकाला आपल्या भाषेत द्यायचं’ म्हणजे आवाज बदलायचा, हे इथे ठरूनच गेलंय. अक्षरं कुणाला लागत असतील, हा विचार त्यात बसत नाही.

पहिला टप्पा पैसे भरण्याचा. फक्त ॲनिमेची म्हणून जी मोठी सेवा आहे, क्रंचीरोल, तिचा इतिहास गमतीदार आहे. २००६मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिच्यावर चाहत्यांनीच विनापरवाना चढवलेले भाग असायचे. २००९च्या जानेवारीपासून परवाने घेऊन, जपानमध्ये भाग लागला की थोड्याच वेळात सबटायटलसकट देणं सुरू झालं. जुलै २०२२मध्ये भारतातले दर उतरले आणि महिन्याला ७९ रुपयांपासून वर्गणी मिळू लागली. तेव्हा पैसा ही अडचण नव्हती. अडचण होती ती माझ्या बँकेच्या कार्डाची.

कार्ड टाकलं, नाकारलं. परत टाकलं, परत नाकारलं. ओटीपीसुद्धा येईना. ग्राहक सेवेला फोन लावला तर “मॅडम, व्यापाऱ्याकडून अडलंय” असं उत्तर. खरं कारण बरंच शोधल्यावर कळलं, आणि त्यात दोन वेगवेगळ्या गाठी होत्या. पहिली अशी की रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमानुसार नवं कार्ड येतं तेव्हा परदेशी व्यवहार बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘ऑनलाइन’ ही दोन्ही बटणं आपण चालू करायची असतात. रक्कम रुपयात दिसली तरी घेणारी कंपनी परदेशात नोंदलेली असेल तर बँक तो व्यवहार परदेशीच धरते. दुसरी गाठ दर महिन्याच्या आपोआप कपातीची. १ ऑक्टोबर २०२१पासून अशा प्रत्येक वर्गणीला सुरुवातीला ओटीपीनं मंजुरी लागते आणि दर कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेनं कळवावं लागतं. नियम आपल्याच भल्याचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण बँकेची यंत्रणा त्या कंपनीशी जोडलेली नसेल तर व्यवहार मुकाट्यानं पडतो आणि कारण कुणीच सांगत नाही.

त्यातच त्या महिन्यात परदेशी कार्डखर्चावर २० टक्के टीसीएस, म्हणजे खर्च करतानाच कापला जाणारा कर, लागणार अशा बातम्या चालू होत्या. भाऊ घाबरला. शेवटी २८ जूनला सरकारनं क्रेडिट कार्डाचा तो निर्णय पुढे ढकलला. तसंही वर्षाला सात लाखांची सूट ठेवलेली असल्यामुळे आमच्या शंभर रुपयांशी त्याचा काही संबंध नव्हता. मी बटणं चालू केली, दुसऱ्या बँकेचं कार्ड वापरलं, ओटीपी आला, पैसे गेले. पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये परदेशी व्यवहाराचं काही रुपये शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी असा एक बारका आकडा दिसला. दर महिन्याला तो नको असेल तर वर्षाची वर्गणी एकदम भरावी. शुल्क टक्क्यात असलं तर वाचत नाही, पण कार्ड पडण्याची धाकधूक वर्षातून एकदाच. आणि काम झालं की आंतरराष्ट्रीय बटण परत बंद करावं. आम्ही तेच करतो.

आता यादी काढून शोधायला बसलो. निम्म्याच्या आसपास मालिका मिळाल्या, बाकीच्या नाहीत. आणि ज्या नाहीत त्यांचा काही नियम दिसेना. एका मालिकेचा दुसरा सीझन आहे, पहिला नाही. एकीचं नाव येतं, चित्र येतं, पण ‘तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही’. रेवा हिरमुसली. “त्या साइटवर तर सगळं होतं,” हे ती बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं.

यामागचं कारण समजल्यावर माझी तरी चिडचिड कमी झाली. बहुतेक ॲनिमे कुणा एका कंपनीचं नसतं. प्रकाशक, टीव्ही वाहिनी, गाण्यांची कंपनी, खेळणीवाले असे अनेक जण मिळून समिती करून पैसे घालतात आणि ती समिती हक्क देशोदेशी वेगवेगळे विकते. सातबाऱ्यावर बारा नावं असलेल्या जमिनीसारखा प्रकार. अमेरिकेचे हक्क एकाला, युरोपचे दुसऱ्याला, आणि भारत पुष्कळदा ‘जपान सोडून आशिया’ किंवा ‘दक्षिण आणि आग्नेय आशिया’ अशा गठ्ठ्यात तिसऱ्याला. म्हणजे अमेरिकेतल्या सेवेवर नसलेली मालिका भारतात मिळतच नाही असं नाही. ती इथे दुसऱ्याच कुणाच्या दुकानात असते, आणि ते दुकान कुठलं याची पाटी कुठेही लावलेली नसते.

आमच्या बाबतीत ते दुकान बरेचदा यूट्यूब निघालं! मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर पावसाळ्याचे दोन महिने वाचले असते. तैवानच्या म्यूज कंपनीचं म्यूज एशिया आणि हाँगकाँगच्या मीडियालिंकचं ॲनी-वन एशिया, या दोन चॅनेलवर परवाना घेतलेल्या मालिका इंग्रजी सबटायटलसकट लागतात, त्याही जाहिरातींच्या बदल्यात फुकट, आणि भारतात चालतात. गंमत म्हणजे हेच व्हिडिओ अमेरिकेतल्यांना दिसत नाहीत. एकदा तरी उलटा न्याय झाला याचा रेवाला फार आनंद झाला.

इथे काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. चॅनेलच्या नावासमोरची बरोबरची खूण आणि कंपनीचं नाव बघून घ्यावं, कारण तसल्याच नावांची नकली चॅनेलं ढिगानं आहेत. मालिकेचा भाग आरशात बघितल्यासारखा उलटा किंवा कडेनं कापलेला दिसला तर तो नक्की चोरीचा. मालिका कायम राहत नाहीत. परवान्याची मुदत संपली की प्लेलिस्ट एका रात्रीत रिकामी होते. काही ठिकाणी अक्षरं चित्रावरच छापलेली असतात, काही ठिकाणी सीसीचं, म्हणजे सबटायटल चालू-बंद करायचं, बटण दाबून येतात. हा फरक ऐकणाऱ्या माणसाला जाणवणारही नाही. छापलेली अक्षरं मोठी करता येत नाहीत, रंग बदलता येत नाही. शाळेच्या पांढऱ्या शर्टांवर, बर्फावर, ढगांवर पांढरी ओळ आली की रेवा मोबाइल डोळ्यांजवळ नेते, तोवर ओळ गेलेली असते. बटणानं येणारी असली तर यूट्यूबच्या सेटिंगमध्ये अक्षरांमागे काळी पट्टी टाकता येते आणि आकार वाढवता येतो. सुरुवातीला इंग्रजीचा वेगही तिला जड जायचा. मग तिनं स्वतःच युक्ती काढली: व्हिडिओचा वेग ०.७५वर. आवाज लांबट, विचित्र येतो, पण तिला त्याचं काय! दिवाळीपर्यंत ती पूर्ण वेगावर आली होती.

इंग्रजीच का, मराठी का नाही, असं आईनं विचारलं. मराठी सबटायटल आम्हाला या वर्षात कायदेशीर मार्गानं एकाही मालिकेला मिळाली नाहीत. यादीतल्या फार थोड्या मालिकांना हिंदी होती.

व्हीपीएनबद्दल, म्हणजे इंटरनेटवर आपण दुसऱ्याच देशात आहोत असं भासवणाऱ्या सोयीबद्दल, सगळेच विचारतात, म्हणून एकदाच सांगते. ऑफिसमधल्या एकानं सुचवलं की देश बदलून अमेरिकेचा कॅटलॉग उघड. व्हीपीएन वापरणं भारतात गुन्हा नाही. पण दुसऱ्या देशाचा परवाना असलेली मालिका तशी बघणं जवळपास प्रत्येक सेवेच्या अटींविरुद्ध आहे, खातं बंद होऊ शकतं, आणि कार्ड भारतातलं असलं की बरेचदा पैसे भरतानाच गाडी अडते. पोरीला ‘रीतसर बघू’ म्हणून सांगायचं आणि मागच्या दारानं न्यायचं, हे मला पटलं नाही. तुम्हाला पटत असेल तर तुमचा प्रश्न.

नेटफ्लिक्स भावाकडे आधीपासून होतं, मोबाइलवाल्या १४९ रुपयांच्या प्लॅनचं. तो प्लॅन फोन आणि टॅबलेटवरच चालतो, टीव्हीवर नाही, आणि चित्र ४८०पी, म्हणजे कमी स्पष्ट. जपानच्या जिबली या ॲनिमे स्टुडिओचे बहुतेक चित्रपट २०२०पासून तिथे आहेत. ते तिनं नवरात्राच्या सुट्टीत एकापाठोपाठ संपवले. इथे एक उपयोगी गोष्ट हाती लागली. सबटायटलच्या यादीत तेव्हा सगळ्या भाषा दिसत नव्हत्या. प्रोफाइलची भाषा आणि आपला देश बघून थोड्याच दाखवल्या जायच्या. यादीत हवी ती भाषा नसली तर आम्ही प्रोफाइलची भाषा बदलून परत बघायचो. कधी कधी तेवढ्यानं सबटायटल उगवायचं.

डिसेंबरमध्ये गाडी खरी अडली. रेवाच्या यादीत अगदी वर असलेली एक मालिका एका मोठ्या भारतीय ॲपवर आली. नाव सांगत नाही, कारण हे कमी-जास्त सगळीकडेच होतं. वर्गमैत्रिणी बघत होत्या, वर्गात रोज तीच चर्चा. आम्ही वर्गणी भरली, यूपीआयनं, दोन मिनिटांत, कुठलंही बटण न शोधता. आणि बघतो तर आवाज हिंदी, तमिळ, तेलुगू, सबटायटल शून्य. काही भागांत मूळ जपानी आवाज आणि इंग्रजी ओळी होत्या, मध्येच तीन भागांत त्याही गायब. जिथे होत्या तिथे हिंदी आवाज लावून इंग्रजी ओळी वाचल्या तर दोन्ही जुळेनात. ओळी जपानी संवादावरून केलेल्या, डबिंग ओठांच्या मापानं वेगळं लिहिलेलं. आपण तिकडे दुर्लक्ष करतो. जिला मशीनमधून अर्धा शब्द ऐकू येतो आणि जी उरलेला अर्धा ओळीत शोधते, तिचं डोकं दुखायला लागतं. ती अर्ध्या तासात उठून गेली.

मी चिडले, आणि चिडले की मी अर्ज लिहिते. थोडं वाचन केलं. केंद्राचे २०२१चे माहिती तंत्रज्ञान नियम ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून मालिका-सिनेमे दाखवणाऱ्या, सेवांनाही लागू आहेत. त्यात भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमायचा, तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा असं आहे. त्याच नियमांच्या परिशिष्टात, अपंग व्यक्तींना मजकूर बघता यावा म्हणून शक्य तितके प्रयत्न करावेत असंही म्हटलंय. ‘शक्य तितके’ हा शब्द किती ढिला आहे ते मला कळतं. शिवाय या नियमांवर कोर्टकचेऱ्या चालू आहेत, आणि त्यातल्या काही भागाला मुंबई उच्च न्यायालयानं २०२१च्या ऑगस्टमध्येच स्थगिती दिली आहे. पण सेवांनी अधिकारी नेमलेले आहेत, आणि त्यांचा ईमेल ॲपच्या अगदी तळाशी, अटी आणि शर्तींच्याही खाली मिळतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ याहून सरळ बोलतं: दृकश्राव्य माध्यमात ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा आणि कॅप्शन (बोललेलं त्याच भाषेत पडद्यावर लिहून दाखवणं) यांची सोय व्हावी म्हणून सरकारनं उपाय करायचे. ते बंधन सरकारवर आहे, ॲपवर थेट नाही. तरी मी दोन्हींचा उल्लेख केला.

तक्रार कशी लिहिली ते सांगते, कारण मला वाटतं काम त्यामुळेच झालं. भावना एका ओळीत, बाकी सगळं तपशील. मालिकेचं नाव, सीझन, कोणत्या भागात ओळी नाहीत, कोणत्या मिनिटाला त्या थांबतात, कोणता फोन, ॲपची आवृत्ती कोणती, सोबत स्क्रीनशॉट. मागण्या वेगवेगळ्या केल्या. गायब ओळी परत आणा, ही एक. हिंदी आवाजाला हिंदी कॅप्शन द्या, ही दुसरी. हा तपशील रेवानं काढला. बहीण-भावंडं कॅरम खेळत असताना ती वहीत मिनिटं टिपत बसली होती.

पोच लगेच आली, यंत्रानं पाठवलेली. मग शांतता. पंधरा दिवसांची मुदत संपत आली तेव्हा मी त्याच ईमेलला उत्तर म्हणून एका ओळीची आठवण धाडली, तारीख लिहून. दुसऱ्या दिवशी माणसानं लिहिलेलं उत्तर आलं. गायब ओळी ही तांत्रिक चूक होती, दुरुस्त करतो. हिंदी कॅप्शनबद्दल ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे’. संक्रांतीच्या आसपास ते तीन भाग ओळींसकट दिसायला लागले. हिंदी कॅप्शन अजून आलेली नाहीत, त्याच अधिकाऱ्याला मी परत लिहिलंय. एक सांगते: ग्राहक सेवेच्या चॅटवर हे बोलण्यात वेळ घालवू नका. तिथे “ॲप काढून परत टाका” यापलीकडे गाडी जात नाही. तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, आणि प्रत्येक वेळी त्याच साखळीत.

मधल्या काळात एक डिस्कचं प्रकरण झालं. यादीतली एक जुनी मालिका भारतात कुठेच नव्हती. परदेशात डीव्हीडीवर होती. आता डिस्कलाही देशांच्या भिंती असतात. डीव्हीडीत भारत विभाग ५, जपान २, अमेरिका १. ब्ल्यू-रेत जपान आणि अमेरिका दोन्ही ‘ए’, आपण ‘सी’. जपानी डिस्क घेण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांच्यावर इंग्रजी ओळी सहसा नसतात. अमेरिकन डीव्हीडी मागवली, आणि लॅपटॉपला लावायचा बाहेरचा ड्राइव्ह भावाच्या मित्राकडून आणला. अशा ड्राइव्हचा विभाग पाच वेळाच बदलता येतो, नंतर तो कायमचा तिथेच अडकतो. एकदा १ वर टाकला की हात लावायचा नाही, अशी चिठ्ठी आम्ही ड्राइव्हवरच चिकटवली आहे.

डिस्क ३० डॉलरची, तेव्हाच्या भावानं अडीच हजार. टपालखर्च वेगळा, दीड हजाराच्या पुढे. पार्सल मुंबईत पोचलं आणि ‘कस्टम्स तपासणीत’ या ओळीवर बरेच आठवडे थांबलं. पुढे बिलाची प्रत मागणारं पत्र आलं, ती पाठवली. पोस्टमनकाकांनी पार्सल आणलं तेव्हा हातात कराची पावती होती: तीन हजारांच्या वर. वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या वस्तूवरचं शुल्क वस्तू आणि टपालखर्च या दोन्हींच्या बेरजेवर लागतं, आणि भेट म्हणून पाठवलेल्या पार्सलला पूर्वी जी पाच हजारांपर्यंत सूट होती ती २०१९च्या डिसेंबरमध्ये गेली. त्यामुळे ‘अमेरिकेतल्या मावशीला गिफ्ट लिहून पाठवायला सांगू’ हा सल्ला आता जुना झाला. सगळं मिळून एका मालिकेला सात हजारांच्या वर. पुन्हा असं काही मागवणार नाही. पण २०२४च्या फेब्रुवारीत फनिमेशन या अमेरिकी ॲनिमे कंपनीनं सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं. २ एप्रिलला ती बंद झाली, आणि लोकांनी डिस्कसोबतच्या कोडवर मिळवलेल्या डिजिटल प्रती क्रंचीरोलवर आल्याच नाहीत. तेव्हा भाऊ कपाटातल्या त्या डबीकडे बघून म्हणाला, “ही तरी कुणी काढून नेणार नाही.”

मेमध्ये थेटर. भारतात ॲनिमे चित्रपट पडद्यावर येतात याचं बरंचसं श्रेय चाहत्यांना आहे. २०१९मध्ये हजारो सह्यांची ऑनलाइन याचिका झाली आणि ऑक्टोबरमध्ये ‘वेदरिंग विथ यू’ इथे लागला. २०२४ला १० मे रोजी जिबलीच्या मियाझाकींचा ‘द बॉय अँड द हेरॉन’ आला, मार्चमध्ये ऑस्कर मिळवून. तिकीट काढताना भाषा बघावी लागते: ‘इंग्लिश’ म्हणजे डबिंग, ओळी नाहीत, ‘जपानी’ म्हणजे इंग्रजी ओळी. जपानी खेळ थोडे आणि अवेळी. तरी खात्री करायला मी मल्टिप्लेक्सला फोन केला. “सबटायटल पडद्यावर असतात ना?” “मॅडम, इंग्लिश पिक्चर आहे ना तो, सबटायटल कशाला?” शेवटी खिडकीवर जाऊन, मॅनेजरना त्या खेळाची माहिती उघडायला लावून, मग तिकिटं काढली. माहिती म्हणून सांगते: कर्णबधिर आणि दृष्टिहीन प्रेक्षकांना सिनेमा बघता यावा यासाठी केंद्रानं २०२४च्या मार्चमध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. खिडकीवरच्या पोरापर्यंत त्या पोचायला वेळ लागेल.

खेळ रात्री दहाचा होता. मागच्या रांगेतल्या कुणाला तरी ओळी वाचायचा कंटाळा आला आणि तो उठून गेला. रेवानं मध्यंतरात मशीन काढून पर्समध्ये ठेवलं. स्फोटाचे आवाज त्रास देतात आणि ओळी आहेत तर लागतंय कशाला, म्हणाली.

सध्याची सोय अशी: एका ॲनिमे सेवेची वार्षिक वर्गणी, यूट्यूबची ती दोन चॅनेलं, नेटफ्लिक्स मोबाइल, आणि त्या भारतीय ॲपची वर्गणी फक्त हवी ती मालिका चालू असेल त्या महिन्यांत. महिन्याचा हिशेब साडेतीनशेच्या आत बसतो. रेवानं यादीची आता तक्तेवही (स्प्रेडशीट) केली आहे: मालिका कुठे आहे, ओळी कशा आहेत, छापलेल्या की बटणाच्या. कुणी मागितली तर ती पाठवते, आणि आता मैत्रिणी मागतात.

यादीतल्या चार मालिका अजून कुठेच नाहीत. त्यातल्या एकीचं मूळ कॉमिक शुएइशा या प्रकाशकाच्या मांगा प्लस ॲपवर इंग्रजीत आहे, कायदेशीर आणि फुकट. तिथे पहिली आणि शेवटची अशी तीन-तीन प्रकरणं वाचता येतात. रेवाला सुरुवात माहीत आहे, शेवटही माहीत आहे. मधलं काय झालं ते कुठे मिळतं, याच्या मागे मी गेल्या आठवड्यापासून आहे.